इवाबुची-सानचा भारतीय कोच

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून! चहा घ्या, चकल्या घ्या, पण हसू नका. कारण जपानमध्ये मी जे दिवे लावले, ते अजून सासुरवाडीला कळलेले नाहीत.

आम्ही कावासाकीत राहायचो. त्सुनामी आणणारा तो मोठा भूकंप होऊन दोनेक वर्षं झाली होती. रोज सकाळी मी नदीकाठी फिरायला जायचो. तिथे पुलाखालच्या भिंतीवर चाळिशीचा एक माणूस बेसबॉलचा चेंडू मारत असायचा. एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात पांढरा. आधी भिंतीला वाकून नमस्कार, मग चेंडूशी गप्पा! चेंडू भलतीकडे गेला की त्याला डोळ्यांसमोर धरून चक्क रागवायचा.

मला वाटलं, बिचाऱ्याची नोकरी गेलेली दिसते.

आता मी पडलो पुण्याचा. त्यात कॉलेजच्या क्रिकेट टीममधला. बारावा खेळाडू होतो, पण होतो ना! समोरचा चुकतोय म्हटल्यावर गप्प बसवतं का?

"कोपर! तुमचं कोपर वाकतंय!" मी मोडक्यातोडक्या जपानीत ओरडलो. "आमच्याकडे असं टाकलं तर नो-बॉल देतात!"

तो थांबला. स्वतःच्या कोपराकडे गंभीरपणे बघून म्हणाला, "अस्सं? मग कसं टाकायचं?"

मी धावत येऊन, हात सरळ ठेवून दाखवलं. त्याने हुबेहूब तसंच केलं. चेंडू थेट नदीत! तो माणूस गुडघे धरून हसत सुटला. इतक्या दिवसांत त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू. मनगट, अंगठा, नजर, श्वास, मी काही म्हणजे काही सोडलं नाही. नाव विचारलं तर म्हणाला, इवाबुची. आणि मला म्हणायला लागला 'सेन्सेई'. म्हणजे गुरुजी हो! घरात मला इतका मान कोण देणार?

पुढे आमच्या ऑफिसच्या बेसबॉल टीमला एका रविवारी पिचर, म्हणजे आपला बोलर हो, मिळेना. कॅप्टन होते मोरी-सान, म्हणजे मोरीसाहेब. मी त्यांना म्हटलं, "माझा एक विद्यार्थी आहे. वय झालंय, फार आशा नाही, पण मेहनती आहे."

रविवारी इवाबुचीला घेऊन मी ऐटीत मैदानात शिरलो. मोरी-सानच्या हातातली बॅट गळून पडली. अख्खी टीम कमरेत वाकली. मला वाटलं, एवढा खेळाडू आणला म्हणून माझेच आभार मानतायत. मीही वाकलो!

"केळकर-सान," मोरी-सान कुजबुजले, "हे कोण आहेत, कल्पना आहे?"

"हो, इवाबुची. कोपर अजून कच्चं आहे."

मोरी-सान पांढरेफटक पडले. मग मला बाजूला ओढून त्यांनी सगळं सांगितलं.

इवाबुची-सान म्हणजे वीस वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळलेला पिचर. त्यांच्या तऱ्हेवाईकपणावर देश हसायचा, आणि त्यांच्या चेंडूपुढे भलेभले फलंदाज नुसती बॅट फिरवून परत जायचे. त्यांचं समुद्रकाठचं गाव त्सुनामीत वाहून गेलं होतं. लहानपणी ते जिथे खेळले, त्या मैदानावर आता बेघर झालेल्यांची तात्पुरती घरं उभी होती. "तुमच्यासाठी एक मॅच जिंकून दाखवीन," असा शब्द त्यांनी गावाला दिला, आणि तेव्हापासून हात जो आखडला तो आखडलाच. वर्षभरात एकही विजय नाही. क्लब आता निरोप द्यायच्या बेतात होता.

आणि या माणसाला मी श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होतो!

"माफ करा हो," मी इवाबुची-सानपुढे हात जोडले, "मला खरंच माहीत नव्हतं."

"म्हणून तर मजा आली," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी मला शेवटची संधी आहे. रोज जिचं कौतुक सांगता त्या मुलीला घेऊन या, सेन्सेई."

शनिवारी मी आणि माझी दहा वर्षांची, तिथल्याच शाळेत जपानी शिकलेली सई स्टेडियममध्ये हजर. आमच्या पुढच्या रांगांत त्यांच्या गावची माणसं बसली होती, बसने आलेली. म्हाताऱ्या आजीबाई मांडीवर हात घट्ट धरून होत्या. आणि काय सांगू, काय खेळला तो माणूस! शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा समोरच्या आजी टॉवेलात तोंड खुपसून रडत होत्या. माझेही डोळे भरून आले. छाती अशी फुगली, जणू माझाच थोरला भाऊ जिंकलाय.

मग मैदानात त्यांच्या हातात माइक आला. ते बरंच काही बोलले. माझ्या जपानीला त्यातलं एवढंच कळलं: 'नदीकाठ', 'भारतीय', 'सेन्सेई'.

मी ताडकन उभा राहिलो. डावीकडे वाकलो, उजवीकडे वाकलो, मागच्या रांगांकडे वळून दोन्ही हात हलवले. टाळ्यांचा कडकडाट! लोक हसतायत, रडतायत, मला बोटं दाखवतायत!

सई शर्ट ओढत होती. "बाबा, खाली बस ना! प्लीज!"

"का? माझं नाव घेतलं त्यांनी! काय म्हणाले, सांग की!"

"ते म्हणाले, मी खूप घाबरलो होतो. मग नदीकाठी एक भारतीय सेन्सेई भेटले. त्यांना बेसबॉलमधलं काहीच येत नव्हतं, तरी ते रोज मला शिकवायचे. मग मला वाटलं, ज्याला काहीच येत नाही तो जराही घाबरत नाही, तर मला तर येतं, मी कशाला घाबरू?"

मी तेव्हा तिसऱ्यांदा वाकलेलो होतो. तसाच राहिलो. वर बघायची हिंमत कोणाला होती?