पेढ्यांचा पुडा

वेलचीच्या पेढ्यांचा वास आला की मला आजही आधी संताप येतो. नव्वदच्या सुमारास मी धुळ्याच्या एका इस्पितळात लहान मुलांची ऑपरेशनं करायचे. दोंडाईच्याकडच्या एका दीड वर्षाच्या मुलाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मापासून मज्जापेशीच नव्हत्या, त्यामुळे त्याला आठ-आठ दिवस शी व्हायची नाही. तेवढा भाग काढून मी त्याला घरी सोडलं आणि तीन आठवड्यांनी त्याचे आजोबा पेढ्यांचा पुडा उंच धरून ओपीडीत आले, "बाई, पोऱ्या आते दिनमा धा डाव जास!" मागे आईच्या खांद्यावर पोर तापाने फणफणलेलं, पोट फुगून टणक आणि लंगोटाला सडका वास. अशा मुलांच्या आतड्याचं अस्तर ऑपरेशननंतरही जंतूंना नीट अडवत नाही, आत सूज येते आणि बघता बघता मूल हातचं जातं. "दिवसाला दहा-दहा जुलाब होतायत आणि तुम्ही पेढे वाटताय?" मी सगळ्या ओपीडीसमोर ओरडले, "घरी सोडताना कार्डावर लिहून दिलं होतं ना, ताप-जुलाब झाले तर लगेच या म्हणून!" आजोबा गोंधळले. "बाई, तुम्हीनच सांगेल व्हतं, पोट साफ व्हयनं का पेढा लई या." खरंच होतं. धोक्याचं सगळं मी इंग्रजीत लिहिलं होतं, 'पोट साफ झालं की पेढे घेऊन या' एवढंच मराठीत, हसत हसत सांगितलं होतं. पोर वाचलं. दहा दिवसांनी घरी निघताना आजोबा दारात थांबले, "बाई, आते पेढा आनू का, का आजून थांबू?" त्या पुड्यापेक्षा त्या प्रश्नाने मला आज स्वतःचा जास्त राग येतो, कारण तो त्यांनी अगदी मनापासून विचारला होता.