कमरेला एकच पाते

शके सतराशे पंच्याऐंशी. मार्गशीर्ष लागला होता, तुरी फुलावर होत्या आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली होती. दूर अमेरिकेत गोरे लोक आपसांत लढत होते, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला होता. कापूस अमरावतीला न्यायचा तर गाड्या हव्यात. गाड्यांना चाके हवीत. चाकांना तिवसाचे लाकूड हवे, आणि ते मेळघाटात. रेल्वे येणार, येणार असे सगळे म्हणत. पण येणारी रेल्वे कापूस वाहत नाही!

आम्ही अचलपुराहून लाकडाला जात असू. वाटाड्या धरून सहा जण.

जंगलात जाऊन आलेल्या माणसाजवळ किस्से साचतात. वंगण साचते तसे, न पुसता. जो परत येत नाही त्याचा किस्सा दुसरे सांगतात. मला माझे किस्से स्वतः सांगायचे होते. म्हणून मी वेळेवर भ्यायला शिकलो.

* * *

आमचा म्होरक्या भिवाजी सुतार. कुऱ्हाडी मालकाच्या, काम संपले की त्या गाडीत बांधून टाकायच्या. कमरेला मात्र ज्याचे त्याचे पाते. आणि ते एकच! खंडेनवमीला प्रत्येकाने आपले एक पाते पूजेला मांडायचे. जे मांडले तेच पुढच्या खंडेनवमीपर्यंत जंगलात न्यायचे. बदलायचे नाही, दुसरे लपवायचे नाही. निघताना भिवाजी एकेकाची कंबर चाचपून पाही.

नारबाचे ते पहिले वर्ष. त्याने पूजेला पाच पाती मांडली. कोयता, विळा, सुरी, खुरपे आणि अडकित्ता.

"अडकित्ता काहून बे?" भिवाजीने विचारले.

"सुपारी कातराले."

"मंग वाघ आला का त्याले इडा करून देजो!"

नारबा हट्टी होता. म्हणाला, "जास्त असले तं बिघडते काय?"

भिवाजीने पाचातली चार पाती उचलून बाजूला ठेवली. "दोन पाती असली का मानूस कोनतं काढू म्हून इचार करते. वाघ इचार करत नाई."

आम्ही हसलो. घाट चढल्यावर हे आठवून कोणी हसले नाही.

* * *

नारबाला उरलेला कोयता पसंत नव्हता. पूजा आटपायच्या आत तो बाजारात पळाला आणि नवा सुरा घेऊन आला. पितळी मूठ, मोराच्या आकाराची. सगळ्यांना दाखवत हिंडला.

अचलपूरचा करीमचाचा लोहार आमची पाती घडवी. त्याने मोर उलटासुलटा करून पाहिला.

"मोर अच्छा है. लोहा अंदर कितना गया?"

"दिसत नाई."

"जो दिखता नहीं वो होता भी नहीं. लोहा मूठ के आखिर तक जाना मंगता."

नारबाने ऐकले नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही पाण्यावर गेलो. नारबा पुढे. बोरीच्या जाळीतून अस्वल निघाले आणि त्याच्यासमोर दोन पायांवर उभे राहिले. मधे पाच पावले. अस्वल उभे राहिले की माणसासारखे दिसते, त्याचीच जास्त भीती वाटते. नारबाने सुरा उपसला.

मोर हातात आला. पाते म्यानात राहिले!

नारबा तोंड उघडे टाकून अस्वलापुढे मोर धरून उभा. आमच्यापैकी कोणाचे पाऊल हलेना. माझेही हलले नाही, हे मी कबूल करतो. आमचा वाटाड्या लाखा कोरकू तेवढा हळूहळू पुढे गेला आणि आपल्या बोलीत अस्वलाशी बोलू लागला. घरातल्या तापट म्हाताऱ्याशी बोलावे तसे. अस्वल खाली बसले, हुंगले, वळले, गेले.

नारबाचे धोतर ओले झाले होते. कोणी पाहिल्यासारखे केले नाही. पाणी भरता भरता भिवाजी म्हणाला, "अस्वलाले मोर काई पसंत नाई पडला."

* * *

सखाराम बार्शीटाकळीचा. सडकेच्या कामावरच्या एका ओव्हरसिअरने खूश होऊन त्याला विलायती चाकू दिला होता. घडीचा. खिशात मावणारा, आरशासारखा. सखाराम त्याला दिवसातून दोनदा धोतराने पुसे. तोच त्याने पूजेला मांडला.

भिवाजी म्हणाला, "जे मोडून खिशात जाते ते मले नाई आवडत." पण नियमात बसत होते. पाते एकच होते.

कळकाचा एक बांबू कापताना सखारामने चाकूवर जोर दिला. चाकूची घडी मिटली, ती त्याच्या बोटांवर. दोन बोटे हाडापर्यंत कापली.

रक्त गळू लागले आणि थोड्याच वेळात वरच्या झाडांवर वानरे खकारू लागली. एका झाडावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. त्यांचा आवाज आमच्याभोवती फिरत होता. म्हणजे खाली काहीतरी आमच्याभोवती फिरत होते.

आम्ही गाड्या एकमेकींना लावल्या आणि पाठीला पाठ देऊन बसलो. बैल उभे थरथरत होते. पाणी पाच हातांवर होते, पण उठून कोणी प्याले नाही. उजाडेपर्यंत बसलो. काही दिसले नाही. दिसले असते तर बरे झाले असते.

सकाळी पाहिले तर गाड्यांभोवती वाघाचे पंजे. एक पंजा माझ्या पावलावर नेमका ठेवलेला. मी पाऊल टाकले होते तिथेच.

सखाराम हाताचे फडके बदलत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "साहेब या चाकूनं कापते तरी काय?"

"फळ," भिवाजी म्हणाला. "तेई टेबलावर!"

* * *

आता माझे सांगतो. दुसऱ्यांचे सांगून आपले लपवणे मला जमत नाही.

माझ्याजवळ बापाचा सुरा होता. हातभर लांब. करीमचाचाने तो पाहिला आणि मान हलवली.

"बहुत लंबा है, महादू."

"माया बापाचा हाये."

"बाप भी लंबा था क्या?"

मला राग आला. सुरा उचलून निघून आलो. त्याच्याशी महिनाभर बोललो नाही.

पौषात आम्ही लाकूड भरून परतत होतो. एका दरीच्या कडेने माझी गाडी पुढे. मी बैलांच्या बाजूने चालत होतो, कासरा सैल होता आणि त्याचा फास जमिनीवर पडला होता. बैलांना कशाचा वास आला कोण जाणे. ते एकदम उधळले. फास माझ्या घोट्यात बसला आणि मी पालथा पडून ओढला जाऊ लागलो.

सुरा माझ्या पोटाखाली. उपसायला हातभर जागा हवी, आणि मला वीतभरही मिळेना. मान वळवली तेव्हा बैलांपुढे जमीन संपलेली दिसली. पुढे नुसते आभाळ.

माझ्यामागे आमच्यातल्या शेख चांदची गाडी होती. तो आडवा धावत आला, माझ्यावर पडला आणि आपल्या आखूड सुरीने एका झटक्यात कासरा कापला. बैल कड्यावरून वळले. मी वळलो नसतो.

चांद धापा टाकत माझ्या शेजारी बसला. माझी कंबर पाहिली आणि म्हणाला, "हातभर सुरा अन् इतभर अक्कल!"

मी कोणाचे कधी काही देणे लागलो नव्हतो. दाण्याचे नाही, पैशाचे नाही. म्हणालो, "चांदभाई, तुयं देनं लागतो मी."

"लागते तं देजो कधी," तो हसला. दुसऱ्या दिवशी तो ते विसरला, असे मला वाटले.

मी विसरलो नाही. उलट त्या दिवसापासून मला वाघापेक्षा त्या देण्याची भीती बसली. पैशाचे देणे पीक चांगले आले की फेडता येते. हे देणे फेडायची वेळ येईल ती चांदच्या गळ्याशी येईल. आणि तेव्हा माझे पाय जागचे हलतील की अस्वलापुढे थिजले तसे थिजतील, हे मला माहीत नव्हते.

गावात आल्यावर करीमचाचाकडे गेलो. बापाचा सुरा त्याच्यापुढे ठेवला.  चाकाच्या मोडक्या लोखंडी धावेतून त्याने दीड वितीची सुरी घडवली. लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत. पाठ जाड, वरून ठोकळा मारला तरी वाकू नये अशी. पण नियम तो नियम. पुढच्या खंडेनवमीपर्यंत मी बापाचा तो लांब सुराच कमरेला बांधून हिंडलो. लाज वाटे. बांधला.

* * *

लाखा कोरकूजवळ काय असे? एक झिजलेला विळा. पाते चंद्रकोरीएवढे उरलेले. त्यानेच तो सालपट काढी, वेलीतून पाणी काढी, चकमकीवर त्याची पाठ आपटून विस्तव पाडी, पायातला काटा काढी.

नारबाने एकदा त्याला विचारले, "लाखा, वाघ आला तं या विळ्यानं काय करशीन?"

लाखाने विळा कमरेला खोचला.

"वाघ आल्यावर विळ्याचं काय काम? तवा झाडाचं काम."

* * *

दुसऱ्या वर्षीचा माघ. आता माझ्या कमरेला करीमचाचाची सुरी होती. आम्ही शेवटची खेप घेऊन घाट उतरत होतो.

भरली गाडी उतारावर बैलांना आवरत नाही. म्हणून आसाला दोर बांधतात, कडेच्या झाडाला त्याचा वेढा देतात, आणि एक माणूस झाडाशी उभा राहून दोर थोडा थोडा सोडतो. त्या दिवशी गाडी चांदची होती आणि दोर त्याच्याच हातात होता. भिवाजी बैलांपाशी. मी चाकापाशी. बाकीचे मागच्या गाड्यांबरोबर, वरच्या वळणावर.

सकाळीच त्या गाडीची खीळ हरवली होती. चाक आसातून निसटू नये म्हणून असते ती. चांदने तिच्या जागी आपली सुरी ठोकली होती. भिवाजी त्याला बोलला होता, "पातं गाडीले देल्लं, आता तुयाजवळ काय?" चांद म्हणाला होता, "तुमी हाये ना."

गाडी काठावरून खाली झुकली आणि दोर एकदम सरकला. वेढ्यात चांदचा उजवा हात सापडला. दोराने त्याचे मनगट खोडाला आवळले. चांद ओरडला नाही. त्याच्या तोंडातून नुसती हवा निघाली.

मी चाकासमोर उडी घेतली आणि खांदा लावला. खालच्या बाजूने. खाली भिवाजीने जुवाचे दोर कापून बैल सोडवले. आता सगळी गाडी दोन ठिकाणी तोललेली होती. चांदच्या मनगटावर आणि माझ्या खांद्यावर. भिवाजी धावत वर यायचा तरी गाडीला वळसा घालून. तेवढा वेळ नव्हता.

दोर गाडीखालून गेलेला. माझा हात त्याला पुरत नव्हता. चांदचा डावा हात पुरत होता. सुरी माझ्याजवळ होती.

आमच्यात पाते कोणी कोणाच्या हातात देत नाही. जमिनीवर ठेवायचे, दुसऱ्याने उचलायचे. हातात दिले की दोस्ती तुटते. हे लहानपणापासून अंगात मुरलेले. मी सुरी काढली आणि जमिनीवर ठेवली!

चांदचा हात तिथवर आला नाही. चार बोटे कमी पडली.

पायाने सरकवावी तर पाते पूजेचे. त्याला पाय कसा लावू? मी वाकलो. खांदा हलला, चाक फिरले, आणि आता चांद ओरडला. ती आरोळी मला अजून ऐकू येते.

"हातात दे, महादू!"

"चांदभाई, हातात?"

"दे म्हनतो ना!"

मी दिली. त्याने मूठ आवळली आणि पाते दोराशी नेले. मग थांबला. माझ्याकडे पाहिले. दोर तुटला की गाडी कोणावरून जाणार, हे त्याला दिसत होते. मलाही.

"तू हट आगुदर," तो म्हणाला.

"मी हटलो तं हात जाते तुया."

"अन् मी कापलं तं तू जाते."

"मालूम हाये. काप."

माझ्या पायांना पळायचे होते. पण जागेवर होते.

"मी तीन म्हनतो," चांद म्हणाला. "तीनले कापतो. तू उडी घेजो."

"घेतो."

"एक."

खांद्याचे हाड वाजले.

"दोन."

तीन मी ऐकले नाही. मी करवंदीच्या जाळीत पडलो होतो आणि गाडी माझ्या पायाजवळून गेली होती. काही वेळ काहीच आवाज नाही. मग खूप खालून लाकडे फुटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

चांद झाड सोडून माझ्याकडे आला. मनगट काळे पडले होते, पण बोटे हलत होती. त्याने सुरी पुसली, वाकला आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

मी उचलली.

"फिटलं," तो म्हणाला.