फोनला दिसलेला कच्चा टाका

माझा त्या फोनवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. दोन हजार पाच-सहाचं साल असेल. आमचे हे मंठ्यात एका बी-बियाण्याच्या दुकानात कामाला होते. माल आणायला आठवड्यातून एकदा नवीन जालन्याला जायचे. एकदा तिकडून आले ते पाय धुवायच्या आधीच खिशातून तो डबा काढून माझ्यासमोर धरला. "बघ, यातून फोटो निघतो."

मी म्हटलं, "फोनला काय करायचाय फोटो? फोननं बोलावं. फोटो काढायला स्टुडिओवाला बसलाय की बसस्टँडपाशी."

पण ह्यांचं कुठं लक्ष! साबणाच्या वडीएवढा तो फोन, पाठीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढा काचेचा डोळा आणि डोळ्याशेजारी नखाएवढा आरसा. स्वतःचा फोटो काढायचा तर फोन उलटा धरून त्या आरशात तोंड बघायचं. त्यात निम्मंच तोंड मावायचं, म्हणून ह्यांच्या प्रत्येक फोटोत एक तर हनुवटी नाही, नाहीतर कपाळ नाही. बटण दाबलं की मोठ्यांदा 'कच्च' वाजायचं. आगपेटीएवढ्या पडद्यावर फोटो दिसायचा, तोही जवळ नेला तर ठिपके-ठिपके. वीस-पंचवीस फोटो झाले की फोनचं पोट भरायचं. मग जुने पुसल्याशिवाय नवा निघायचा नाही, आणि कोणता पुसावा यात ह्यांची अख्खी संध्याकाळ जायची.

घरात त्याला काहीच दिसायचं नाही. पहिल्याच दिवशी ह्यांनी चुलीपुढं माझा फोटो काढला, तर नुसतं डांबर. त्याला लख्ख ऊन लागायचं. त्यामुळे आमची म्हैस, शेजाऱ्याची मोटारसायकल, बाजारातला टरबुजाचा ढीग असले फोटो छान यायचे. हॉटेलात बसून ते दुसऱ्याला द्यायचे तर दोन फोन टेबलावर डोक्याला डोकं लावून ठेवायचे आणि सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. कुणाचा धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. मोठी मोठी माणसं त्या दोन डब्यांकडे बघत चहा थंड करायची.

मला तो डोळा खटकायचा. फोन पालथा ठेवला की तो वर बघत राहायचा. मी जाता-येता त्यावर चिंधी टाकायचे. हे हसायचे. हसू देत. मी मूळचीच संशयी, माझी आई म्हणायची की ही दूध उतू गेलं तरी मांजराला धरून आणंल.

माझं लेडीज टेलरिंगचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. खोली अंधारी, दिवसासुद्धा बल्ब लावून शिवायला लागायचं. पण माझ्या झंपरांना मंठ्यात नाव होतं. गळ्याला माझा हात होता. पाठीवरचा पानाचा गळा, मटक्याचा गळा, खिडकीचा गळा, हे सगळे मी वर्तमानपत्राच्या कागदावर आधी कापून बघायचे आणि मगच कापडाला कात्री लावायचे. माझ्या हाताखाली एकच माणूस होतं, माझी धाकटी नणंद. सासरी नांदू दिलं नाही म्हणून परत आलेली. आई-बाप गेलेले, भावाचं घर तेवढंच तिचं घर. हूक, काज, हातशिलाई सगळं मी तिला शिकवलं. अस्तर सरकू नये म्हणून मी पाठीवर पिवळ्या दोऱ्याचा कच्चा टाका आडवा घालायचे, आणि पक्की शिलाई झाली की तो उसवून काढायचं काम तिचं. कच्च्या टाक्यासकट झंपर आम्हा दोघींशिवाय कुणी बघतच नसे.

लगीनसराईच्या तोंडावर एका लग्नात मी जेवायला बसले होते. समोरच्या पंगतीत पाठमोरी एक बाई. तिच्या पाठीवर माझा गळा. मी हातातला घास ताटात ठेवला. जेवण झाल्यावर मी तिला गाठलं. "झंपर छान आहे हो, कुणी शिवलं?" तिनं रस्त्यापलीकडच्या मास्तरचं नाव सांगितलं. हा मास्तर पायजमे शिवून म्हातारा होत आलेला, त्याला एकाएकी गळे कुठून सुचायला लागले? मी आणखी जवळ गेले, तर गळ्याखाली चार बोटांवर पिवळी लेस आडवी लावलेली. तिथं लेस कोण लावतं? मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती लेस नव्हतीच मुळी, तो माझा कच्चा टाका होता. कुणीतरी फोटो काढून नेला होता, आणि त्या ठिपक्या-ठिपक्यांच्या फोटोत मास्तरला माझा टाका लेस वाटला होता!

आधी हसू आलं, मग अंगाची आग झाली. टाका उसवायच्या आधी फोटो निघाला, म्हणजे चोर घरात आला होता.

दुसऱ्या दिवशी मी दारावर पाटी लावली, 'मोबाईल बाहेर ठेवून यावे'. गिऱ्हाईक बायका आल्या की मी त्यांच्या हाताकडे बघायचे, तोंडाकडे नाही. बियाण्याच्या कंपनीतल्या एका साहेबाची बायको माप द्यायला यायची, तिच्याकडे ह्यांच्यापेक्षा भारी फोन. पाटी वाचून तिचं तोंड वाकडं झालं. "काकू, तुमच्या गळ्यांचे काय मी फोटो काढून राह्यले का?" मी म्हटलं, "तुम्ही नसाल हो, पण फोन तुमचा हाय ना." ती पुन्हा आली नाही. पण जाता जाता तिनं अंगणात माझ्या नणंदेला फोन धरायला दिला होता, चप्पल घालताना. नणंद त्या नखाएवढ्या आरशात बघून केस सारखे करत होती. हसत होती. ते हसू माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

ह्यांच्यावर संशय आला नाही का, असं कुणी विचारील. नाही आला. एक तर ह्यांच्या फोनला खोलीत दिसत नाही हे मला पाठ होतं. आणि नवऱ्याला कुणी मोजतं का? तो घरातलाच.

मी सापळा लावला. एका निळ्या झंपराच्या पाठीवर मुद्दाम लाल दोऱ्यानं नागमोडी कच्चा टाका घातला. त्याचा काही उपयोग नव्हता. नणंद म्हणाली, "वैनी, ह्यो वाकडा टाका काहून घातला?" मी म्हटलं, "घातला. तू तुझं काम कर." पाण्याचा हात मारून इस्त्री केली आणि ओल जावी म्हणून नेहमीसारखं ते अंगणातल्या दोरीवर टाकलं. तिला राखायला बसवलं आणि मी आत दुसरं कापड कापायला गेले. अंगणात ती, आणि खाटेवर चहा पीत आमचे हे. तासाभरानं तिनं झंपर आणून दिलं, टाका उसवला, विषय संपला.

आठ दिवसांनी मास्तरच्या दुकानात खिळ्याला निळं झंपर टांगलेलं. पाठीवर लाल लेस, नागमोडी.

रस्ता ओलांडून मी परत घरी कशी आले मला आठवत नाही. माझ्या दुकानात चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी नणंदेची पिशवी उचलली आणि खाली पालथी केली. कंगवा, पावडरीचा डबा, देवाचा अंगारा बांधलेली पुडी, एक जुनी केसांची पिन. मी म्हटलं, "कितीला इकले माझे गळे? ज्या ताटात खाती तिथंच..." पुढचं मी इथं लिहीत नाही. बोलायला लागले की माझ्या जिभेला लगाम राहत नाही, हे सगळ्या मंठ्याला माहीत आहे.

ती रडली नाही. दारात हे उभे होते, कामावरून जेवायला आले होते. तिनं एकदा ह्यांच्याकडे बघितलं, नीट, बराच वेळ. ह्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यात काहीतरी बघायला लागले. मग तिनं खाली बसून एकेक वस्तू पिशवीत भरली. संध्याकाळच्या गाडीनं ती हसनाबादला मामाकडे गेली. मामाची परिस्थिती बेताची, तिथं रोजानं कापूस वेचायला जायचं, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिला अडवलं नाही. चांगली अद्दल घडली, असंच मनात म्हटलं.

ती गेल्यावर हूक-काज मीच करायला लागले. डोळे दुखायचे. एक दिवस हे आंघोळीला बसले होते आणि फोन वाजायला लागला. मी जल्दी उचलायला गेले, भलतंच बटण दाबलं, वाजायचं थांबलं आणि पडद्यावर फोटो आले. म्हैस. टरबुजं. ह्यांची हनुवटी. मग एकदम आमच्या अंगणातली दोरी, लख्ख उन्हात, आणि दोरीवर माझं पिवळ्या टाक्याचं झंपर. बटण दाबलं. दुसरं झंपर. पुन्हा दाबलं. निळं झंपर, लाल नागमोडी टाका. आणि त्याच फोटोच्या कडेला पाटावर बसलेली नणंद. तोंड म्हणजे चार ठिपके, पण हात वर केलेला स्वच्छ दिसत होता. पंजा पुढं, नको म्हणतात तसा.

मी तिथंच मोरीच्या दाराशी बसले.

हे ओल्या अंगानं बाहेर आले, माझ्या हातातला फोन बघितला आणि त्यांना सगळं कळलं. मी ओरडले नाही, त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली असावी. म्हणाले, "तुझा हात दाखवून राह्यल्तो लोकांना. हॉटेलात सगळे म्हनायचे, वैनीच्या हाताला तोड न्हाई. मास्तरनं मागितले. म्हनला, बायकोला दाखवतो. मंग दिले."

"आन त्या दिवशी? मी तिची पिशवी झाडली तवा?"

"तवा आलं ध्यानात."

"मंग बोलला का न्हाई?"

ते टॉवेल पिळत राहिले. पिळून त्यात थेंब उरला नव्हता. "तुझ्या तोंडाला भेतो मी," म्हणाले.

एवढा मोठा बाप्या, दुकानात पोत्यावर पोती रचणारा, आणि स्वतःच्या बहिणीला माझ्या पुढ्यात टाकून मोकळा झाला. मला त्यांचा राग आला, बिलकुल माफ करू नये असा आला. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला सोसवेना. पुढचा दिवस मी तसाच काढला आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. जालन्याला गाडी बदलली, हसनाबादला उतरले तेव्हा दुपार झाली होती.

ती नुकतीच रानातून आली होती. बोटांना कापसाच्या बोंडांनी चरे पडलेले. काज करणारी बोटं ती. मला बघून तिनं आधी पाणी आणलं. घोंगडी अंथरली. मी बसलेच नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "चुकलं माझं. फोटो बघितला मी. तू तर नको म्हनत होती. चल घरी."

तिनं घोंगडीची सुरकुती सारखी केली. मी म्हटलं, "तुला सगळं ठाव होतं. एका शब्दानं सांगितलं असतं, मंग हे झालंच नसतं. काहून गप बसली?"

ती म्हणाली, "मी दादाचं नाव घेतलं असतं तर तुमी खरं मानलं असतं, वैनी?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. त्या चार बायका डोळ्यांपुढं आल्या, पालथी पिशवी आली, आणि मी काय बोलले असते ते शब्दाला शब्द ऐकू आलं. स्वतःचं झाकायला सख्ख्या भावावर ढकलती का, हेच म्हटलं असतं मी. शंभर टक्के. माझ्या तोंडून हो निघेना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला कळलं.

"दादा बोलंल असं वाटलं व्हतं मला," ती म्हणाली. "त्यो बोलला न्हाई. तुमी त्याला इचारलं न्हाई. मंग मी कुनाच्या घरी यावं?"

मी हाताला धरलं, ओढलं, रडले. मी कुणापुढं रडत नाही, तिच्यापुढं रडले. ती माझा हात हळूच सोडवून उठली. "साडेचारला गाडी हाय," म्हणाली. चहा केला. मी पिताना समोर बसली. मग आत गेली आणि कुंकवाचा करंडा आणि एक झंपरपीस घेऊन आली. मी म्हटलं, हे काय करून राह्यलीस? तिनं ऐकलं नाही. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पीस ओटीत घातला, वाकून पाया पडली. परक्या घरची बाई पहिल्यांदा दारात आली की करतात ते सगळं केलं, काही चुकवलं नाही.

"या, वैनी," ती म्हणाली. आणि मला रस्ता माहीत नसल्यासारखी गाडीपर्यंत सोडायला आली.