विद्वांस काकांची बहीण

विद्वांस काकांना माणूस नुसता ओळखीचा ठेवता येत नसे. पहिल्या भेटीतच ते समोरच्याचं नातं ठरवून मोकळे होत. आम्ही ओजिमाला राहायला आलो त्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्या पिशवीतून डोकावणारा पोळपाट बघून त्यांनी विचारलं, "पुण्याच्या का?" हो म्हटलं. "पुण्यात कुठं?" सांगितलं. "आणि माहेर?" तेही सांगितलं. आमचा मजला येईपर्यंत मी त्यांची पुतणी झाले होते, माझा नवरा जावई आणि त्याच्या खांद्यावर झोपलेली आमची मुलगी नात. "अहो-जाहो कर हवं तर, पण भांडताना संकोच करायचा नाही," असं वर बजावून ते आपल्या दाराआड गेले. हसावं की चिडावं, मला कळेना. नातेवाइकांच्या गोतावळ्यातून जरा सुटले म्हणून जपानला येऊन हुश्श करावं, तर इथं हा काका आपला समोरच्याच दारात उभा!

तरुणपणी ते धातुशास्त्रातल्या संशोधनासाठी इथं आले आणि इथलेच झाले. मूलबाळ नव्हतं. लीलाकाकू याच घरात गेल्या, नाशिकची एकुलती एक बहीणही मागोमाग गेली. एखादा असता तर खचला असता. काका रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरत आणि दिसेल त्याला नात्यात ओढत. भाजीच्या दुकानातली म्हातारी त्यांची वहिनी, स्टेशनवरचा गार्ड भाचा, टपालवाला साडू.

"पण काका, त्यांना कुठं माहीत आहे ते तुमचे कोण लागतात?" मी एकदा विचारलं.

"त्यांना कशाला माहीत पाहिजे? मला माहीत असलं की माझं वागणं सुधारतं," ते म्हणाले. "नाव काय गं, दारावरच्या पाटीसाठी असतं. हाक मारायला नातं लागतं."

हालिना आमच्या इमारतीत आली ती तिच्या म्हाताऱ्या आईला व्हीलचेअरवर घेऊन. युक्रेनची. साठीला टेकलेली, आडव्या हाडाची, दात बनवायच्या लॅबमध्ये आयुष्यभर काम केलेली बाई. आल्या आल्या कचऱ्याने तिचा घात केला. इथं कचरा वेगवेगळा करून ठरल्या दिवशी ठेवला नाही, तर गाडी तो उचलत नाही. तिच्या पिशवीवर लाल कागद चिकटवून पिशवी तशीच ठेवलेली, आणि ही बाई फुटपाथवर उभी राहून रडत होती. कचऱ्यासाठी कोण रडतं? पण घरदार सोडून आलेल्या माणसाला रडायला निमित्त लागत नाही हे मला तेव्हा समजलं नव्हतं. काकांना समजलं. ते तिथंच उकिडवे बसले आणि बाटल्यांची झाकणं एकीकडे, बाटल्या एकीकडे, असं एकेक दाखवत सगळा कचरा निवडून दिला. उठताना गुडघे धरून मला म्हणाले, "ही माझी बहीण. म्हणजे तुझी आत्या."

दोघांचं बोलणं जपानीतून चाले. काकांचं जपानी उत्तम, तिचं अगदी बालवाडीतलं. तरी तासन्‌तास बोलत. तिचा सख्खा भाऊ तिकडेच राहिला होता आणि त्याचा फोन लागायचा बंद झाला होता. भाऊबीजेला काकांनी तिला घरी बोलावलं. मी तिला ओवाळायला शिकवलं. ताम्हन उलटं फिरवलंन, अक्षता डोक्याऐवजी काकांच्या चष्म्यावर टाकल्या, पण ओवाळलं मात्र मनापासून. ओवाळणी म्हणून काकांनी तिच्या आईसाठी गरम होणारी विजेची दुलई दिली. दुसऱ्या दिवसापासून बटाट्याचं सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्यांचा डबा वर येऊ लागला आणि काकांकडून खाली वरणभात जाऊ लागला.

आता जे झालं ते नीट कळावं म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. युद्धातून पळून आलेल्यांना या देशाने तात्पुरता आसरा दिला होता. राहायला जागा आणि रोजच्या खर्चाला ठरावीक पैसे. हालिनाला मिळत होते ते पैसे ज्यांचं जपानमध्ये कुणीच नाही अशांसाठीचे. ज्याचं कुणी इथं आहे, त्याला त्याने सांभाळावं, असा सरळ नियम. त्या पैशांवर दोघींचं जेवण आणि आईची औषधं चालत. दुसरा आधार नव्हता, कारण आईला सोडून हालिनाला कामाला जाता येत नव्हतं.

वर्षाअखेरीला, हे पैसे देणाऱ्या कचेरीने तिला चौकशीसाठी बोलावलं. काका बरोबर निघाले, आणि तिच्या फोनमधली कागदपत्रं काढून द्यायला मीही अर्धी रजा टाकून गेले. टेबलामागे ताकेदा नावाची तरुण मुलगी होती; इथं परक्याच्या नावाला आदराने 'सान' लावतात, म्हणून ताकेदा-सान. गोड, नम्र, प्रत्येक वाक्याला मान झुकवणारी. तिने हालिनाला विचारायचं ते विचारलं आणि मग काकांकडे वळून म्हणाली, "आपलं यांच्याशी नातं काय?"

हा प्रश्न काकांना विचारायचा! ते खुर्चीत ताठ झाले. "भाऊ," ते म्हणाले. "ही माझी बहीण."

"हो, हो, भाऊ!" हालिनाही आनंदाने म्हणाली. ताकेदा-सानने हसून मान झुकवली आणि लिहून घेतलं. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. परत येताना काकांनी आम्हाला कॉफी पाजली.

पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत. पाठोपाठ कचेरीचं पत्र आलं, की जपानमध्ये आपले नातेवाईक असल्याचं समजल्याने खुलासा होईपर्यंत रक्कम थांबवली आहे. मी ते पत्र काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते पायातला मोजा अर्धा ओढून तसेच बसून राहिले. "मी घास काढला गं तिच्या तोंडातला," एवढंच म्हणाले.

"असं काय करता? तुम्ही चांगल्या मनानेच—"

"चांगल्या मनाचं लोणचं घालायचंय? चल, ऊठ."

त्याच दुपारी आम्ही तिघं पुन्हा ताकेदा-सानसमोर होतो. काकांनी तिला भाऊबीज समजावली. मानलेली बहीण म्हणजे काय, ते समजावलं. आमच्याकडे रक्ताचं नसलं तरी नातं खरंच असतं, असं म्हणाले आणि स्वतःच थबकले, कारण या वाक्याने काम बिघडत होतं. त्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत कणव होती, खोटं कशाला बोलू? पण तिच्यापुढे चौकटी दोनच होत्या, नातं आहे आणि नातं नाही.

"माफ करा," ती म्हणाली, "आपलं यांच्याशी कोणतंही नातं नाही आणि आपण यांना सांभाळत नाही, असं आपण लिहून दिलंत तर रक्कम पुन्हा सुरू होईल."

काकांनी विचारलं, "लिहिलेलं खरं असायला हवं, नाही का?"

"अर्थातच," ती म्हणाली.

काकांनी लिहिलं. सावकाश, सुंदर जपानी अक्षरांत. मग खिशातून, इथं सहीच्या जागी चालतो तो आपल्या नावाचा शिक्का काढला, लाल शाईत बुडवला आणि उमटवला. हालिना शेजारीच बसली होती. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. काय लिहिलंय ते बाहेर बसस्टॉपवर मी तिला सांगितलं. तिने काकांकडे बघितलं. काका बसचं वेळापत्रक वाचत होते.

मला वाटलं, मिटलं. कागद फायलीत गेला, आपण आपल्या घरी. पण मी काकांना पुरतं ओळखलं नव्हतं. संध्याकाळी हालिनाचा डबा आला तो त्यांनी दारातूनच, वाकून, "हालिना-सान, क्षमा करा," म्हणत परत केला. मी तणतणत त्यांच्याकडे गेले.

"काका, कागद वेगळा आणि माणूस वेगळा! कोण बघायला येणार आहे?"

"मी बघतोय ना," ते म्हणाले. "या देशाचं मीठ खाल्लं मी. खोट्या कागदावर शिक्का कधी मारला नाही. आणि समज, उद्या कुणी बघितलंच, कुणी बोललंच, तर? जाईल ते तिच्या ताटातलं जाईल, माझ्या नाही. जे लिहिलं ते खरं करायचं. तूसुद्धा आता तिला आत्या म्हणू नकोस."

त्यांनी ते खरं केलं. ज्या माणसाला टपालवाल्याशीही नात्याशिवाय बोलता येत नसे, तो माणूस जिन्यात हालिना दिसली की भिंतीला लागून उभा राही आणि परक्यासारखा वाकून नमस्कार करी. माझ्या दाराशी मात्र भाजीची पिशवी येई. "तुझी म्हणून दे. माझं नाव काढलंस तर बघ!" हालिनाची आई अंथरुणातून विचारी, "तुझा भाऊ रागावलाय का?" एवढं हालिनानेच मला सांगितलं होतं. हालिना तिला काय सांगे ते मला कळत नसे, पण सांगून झाल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राही. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला येऊ लागले होते.

पुढची भाऊबीज आली. इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, काका गेले नाहीत. हालिना माझ्याकडे आली, माझंच ताम्हन मागून घेतलं, निरांजन लावलं आणि सरळ काकांच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. तिने बेल वाजवली. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि थांबली. दार उघडलं नाही.

"दिवा विझवा," काकांचा आवाज आतून आला, जपानीतून, अगदी हळू. "शेजारी बघतील."

तिने विझवला नाही. बंद दारालाच ओवाळलं, आणि या वेळी ताम्हन बरोबर फिरवलं. मला इतका संताप आला काकांचा! त्या कचेरीचा, त्या नियमाचा, त्या युद्धाचा, सगळ्यांचाच आला, पण समोर दार काकांचं होतं. मी त्यावर थाप मारून ओरडले, "एवढं शहाणपण कामाचं नाही, काका!" नंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

हालिनाची आई त्या थंडीत, झोपेतच गेली. काका स्मशानात आले आणि सगळ्यांच्या मागे, दाराजवळ उभे राहिले. वसंतात हालिनाला इचिकावामध्ये दातांच्या लॅबमध्ये नोकरी लागली. हातात तेच काम, तेच बारीक चिमटे. तिने कचेरीत कळवलं आणि उत्तर आलं, की चालू महिना पुरा झाला की रक्कम बंद होईल. सरकारी पैसे बंद होण्याचं पत्र हातात नाचवत जिने चढणारी बाई मी ती एकच पाहिली. माझा हात धरून तिने मला काकांच्या दाराशी नेलं.

काकांनी साखळी न काढता, फटीतून पत्र घेतलं. चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी माझा सगळा राग विसरले.

"पण महिना अजून चालू आहे," ते म्हणाले.

"काका!"

"महिना संपेपर्यंत ती माझी कुणी नाही. एक तारखेला दोघी जेवायला या. श्रीखंड करतो." आणि मग, दार लावता लावता, मराठीतच, तिला काही कळणार नाही हे माहीत असूनही म्हणाले, "उशीर नका करू."

एक तारीख काकांना दिसली नाही. त्यांची भाजीची पिशवी आली नाही म्हणून मी बेल वाजवली आणि मग माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. ते खुर्चीत होते. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. स्वयंपाकघरात नळाला फडक्यात बांधलेलं दही टांगलेलं होतं आणि खाली भांड्यात पाणी ठिबकत होतं. लीलाकाकू गेल्यापासून त्यांनी श्रीखंड केलं नव्हतं, आधी एकदा करून बघत असणार. मी ती पुरचुंडी सोडवली आणि पुन्हा तशीच नळाला बांधून ठेवली.

नाशिकच्या भाच्याला व्हिसा वेळेत मिळाला नाही. इथल्या रीतीप्रमाणे दहनानंतर अस्थी चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवतात, आणि सुरुवात सर्वांत जवळच्या माणसाने करायची असते. स्मशानातला पांढरे हातमोजे घातलेला माणूस कागद घेऊन आमच्यासमोर आला आणि अदबीने म्हणाला, "सर्वांत जवळचे कोण? त्यांचं नाव आणि नातं इथं लिहावं लागेल."

मंडळाचे लोक एकमेकांकडे बघू लागले. मी पुढे होणार, तेवढ्यात हालिना माझ्या अंगावरून पुढे गेली. मी तिची बाही घट्ट धरली.

"हालिना-सान, थांबा. महिना अजून संपलेला नाही. तो लिहून घेतोय."

"कळतंय मला," ती म्हणाली. तिने बाही सोडवून घेतली. "लिहू दे."

मग त्या माणसाकडे वळून, एकेक अक्षर स्पष्ट उच्चारत, तिने आपलं नाव सांगितलं आणि नातं सांगितलं, बहीण. त्याने ते लिहिलं, मान झुकवली आणि चॉपस्टिक तिच्या हातात दिल्या.