जीपमध्ये तपासलेला माउस

नारायणगावहून पिंपळवंडीला येणाऱ्या जीपमध्ये एक अनोळखी माणूस माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसला होता. माझ्या मांडीवरचा नव्या माउसचा खोका बघून म्हणाला, "बघू का जरा, भाऊ?" नाही म्हणता येईना, पण त्याच्या हातांवरची नजर मी हटवली नाही. असली गोड बोलणारी माणसं वस्तू कधी बदलून हातात ठेवतील, सांगता येत नाही.

त्यानं माउस कानाशी धरून हलवला, सांध्यांवरून नख फिरवलं, बटणं दाबली. मग माउस स्वतःच्या मांडीवर ठेवून, डोळे मिटून सावकाश फिरवत बसला. माझा संशय आणखीच वाढला.

"माल पक्का हाय," तो म्हणाला. "कुणाला घेतलाय?"

"बायकोला. पतसंस्थेत दिवसभर कॉम्प्युटरवर असती. मनगट लई दुखतं तिचं."

"मग दुकानात हात ठेवून कुणी बघितला?"

"मीच. मस्त बसला."

त्यानं माझ्या रुंद पंजाकडे पाहिलं. "तुमच्या हाताला बसला व्हय!" एवढंच म्हणून त्यानं माउस परत दिला आणि फाट्यावर उतरून गेला. मी खोका दोनदा उघडून पाहिला. माउस माझाच होता.

घरी बायकोनं त्यावर हात ठेवला. तिची बोटं बटणांपर्यंत नीट पोचतच नव्हती. तरी माझ्याकडे बघून ती हसली. "छान हाय की!"

दिवाळीत मी आणलेल्या चपलाही तिनं अशाच हसून घेतल्या होत्या. मी हळूच जाऊन दाराआडच्या त्या चपला उलट्या करून पाहिल्या.

तळ अजून कोरे होते.