कॅमेरा त्यांचा, जिने माझे

माझ्या नवऱ्याला जुने महाल, किल्ले, छत्र्या, घाट यांचे फोटो काढायचा नाद लग्नाआधीपासूनचा. बँकेच्या नोकरीत ते जळगावकडून उज्जैनला आले आणि माधव नगरात घर घेऊन इथलेच झाले. मी तर मूळचीच इथली. माझ्या माहेरचे लोक संस्थानाच्या काळात या गावात आले ते परत गेलेच नाहीत.

सुटी मिळाली की आम्ही निघायचो. ते कॅमेरा घेऊन वर चढायचे, मनासारखं ऊन पडेपर्यंत तिथेच थांबायचे, आणि मी खाली झाडाखाली सतरंजी टाकून डबा, पाण्याच्या बाटल्या आणि मुलगी सांभाळत बसायचे. पुढे मुलगी मोठी झाली, तेव्हा मी शिकवायचे त्या शाळेच्या वह्या तपासत बसायचे. लोक म्हणायचे, कंटाळा नाही येत तुम्हाला? नाही यायचा. घरी आणि शाळेत मला कुणी एवढा वेळ नुसतं बसू दिलं नव्हतं.

मग ते रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले. पण त्यांच्या मोठ्या भावाचं तेच ऑपरेशन बिघडलं होतं, त्यामुळे त्यांनी तो विषयच बंद केला. सपाट जागी ते काठी घेऊन चालायचे, गाडीही चालवायचे, पण जिना आला की संपलं.

सुरुवात वेधशाळेत झाली. तिथल्या सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या मोठ्या दगडी यंत्राच्या पायऱ्यांशी ते उभे राहिले, वर बघितलं, आणि गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, "एकच काढून आण." सगळं त्यांनीच जुळवून दिलं होतं, मी फक्त वर जाऊन बटण दाबलं. फोटो चांगला आला, सावली अगदी रेखल्यासारखी. त्यांनी तो बँकेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. साहेब, हात अजून तसाच आहे, असं कुणीतरी लिहिलं. चहा घेताना त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. गुडघे गेल्यापासून ते घरात कुणाशी धड बोलत नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हणून पुढच्या वेळी मी नाही म्हटलं नाही.

आणि मग ते माझंच काम झालं.

थंडीत पहाटे आम्ही राम घाटावर जायचो. ते वर चहावाल्याच्या खुर्चीवर शाल पांघरून बसायचे आणि मी कानात इअरफोन घालून खाली पाण्यापर्यंत उतरायचे. फोनवरून कानात त्यांचा आवाज यायचा. डावीकडे सरक. ती नाव मध्ये येऊ दे. पंड्याची छत्री कापू नकोस. एकदा माझ्या शाळेतल्या एका मुलीची आई तिथे दिवा सोडत होती. ती हसून म्हणाली, "मॅडम, रिटायर होके ये काम पकड़ लिया?" मी म्हटलं, पकड़ लिया. सगळ्या पायऱ्या चढून वर आले, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो बघितला आणि म्हणाले, "नदी तिरकी आलीय गं. पुन्हा जातेस?" मी पुन्हा गेले.

महेश्वर झालं, मग मांडू झालं. मांडूला रूपमतीच्या महालाकडे चढताना मला धाप लागली. मला ब्लडप्रेशरचा त्रास आहे आणि वयाने मी त्यांच्याहून फार लहान नाही. खाली आल्यावर मी म्हटलं की माझे पाय आता उचलत नाहीत. हो, चढण जरा जास्तच आहे, असं म्हणून ते फोटो बघायला लागले. घरी पोचल्यावर मी कणीक मळायला घेतली, ते कॉम्प्युटरपाशी बसले. दर थोड्या वेळाने आतून हाक यायची, की ये, बघ, इथे तू घाई केलीस. मी पिठाच्या हातांनी दारात उभी राहून बघायचे. मला त्यात दगड आणि आभाळ दिसायचं, पण मी मान हलवायचे.

मुलगी बंगळूरहून फोनवर म्हणायची, आई, तू सरळ 'नाही' का म्हणत नाहीस. मी तिला सांगायचे की तुझ्या बाबांकडे आता दुसरं आहे काय. ते खरंच होतं. पण कुठे जायचं ठरलं की मला आदल्या दिवसापासून वाटायचं, गाडी सुरू होऊ नये.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता त्यांनी कालियादेह काढलं. शहराबाहेर नदीच्या काठी तो महाल आहे, बाजूला दगडी कुंडं आहेत आणि त्यांतून नदीचं पाणी वाहतं. अमावस्येला तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण आम्ही गेलो तेव्हा चौकीदार सोडला तर स्नानाला आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं तेवढं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी यांनी वरून कुंडांचा एक फोटो काढला होता. तोच, त्याच जागेवरून, त्यांना पुन्हा हवा होता. त्यांचं घडीचं स्टूल मी खाली सावलीत मांडून दिलं आणि जिना चढायला लागले.

जिना अरुंद, आत अंधार, पायऱ्या झिजून मधून खोलगट झालेल्या. भिंतीला हात लावत वर पोचले तेव्हा छातीत धडधडत होतं. थोडं टेकावं म्हटलं, तेवढ्यात कानात आवाज आला, पोचलीस का. पोचले म्हटलं. कुंडं सगळी येतायत का? मी बघून सांगितलं की कडेची येत नाहीत.

"मग मागे जा थोडी."

मी मागे गेले.

"अजून."

मी वळून बघितलं. मागचा कठडा तिथे नव्हताच. दगड कधीतरी खाली गेले होते, त्या जागी गवत उगवलं होतं आणि पलीकडे काही नव्हतं. मी सांगितलं, मागे जागा नाही.

"असेल. मी तिथेच उभा राहून काढला होता."

"कठडा पडलाय."

"अगं, नीट बघ तरी."

मी इअरफोन काढला आणि फोन बंद केला. रागाने नाही. रागावायला अंगात जोर लागतो, तो नव्हता. कॅमेरा मांडीवर घेऊन मी जमिनीवरच बसले. खाली ती बाई ओले केस पिळत होती. थंडगार वारा येत होता. किती वेळ बसले मला माहीत नाही, पण उठावंसं वाटत नव्हतं. पुढचा जिना, पुढचा घाट, परतीचा रस्ता, रात्रीचा स्वयंपाक, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि वाटलं, यातलं काहीच नको.

मग कुणीतरी मला हाक मारतंय असं वाटलं. आवाज खालून अंगणातून नव्हता येत, जिन्यातून येत होता.

मी उतरले. जिन्याच्या मधोमध हे भिंतीला टेकून बसले होते. काठी निसटून तळाशी पडली होती. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. फोन तुटला, पुन्हा लावला तर बंद, कठडा पडलाय हे मी म्हटलेलं त्यांच्या कानात होतं, तेव्हा ते उठले आणि चढायलाच लागले. निम्म्यात गुडघा अडकला. आता वरही जाता येत नव्हतं आणि खालीही. मला बघितल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मी एक पायरी वर बसले.

"फोन का बंद केलास?" त्यांनी विचारलं.

"थकले मी."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं होतं. मांडूला सांगितलं, महेश्वरला सांगितलं."

ते म्हणाले, "मला वाटलं, चढताना सगळे म्हणतात तसं म्हणतेस."

 मी त्यांचा एक हात धरून बसले. त्यांना मी पडले असं वाटलं होतं, हे त्यांनी नंतर घरी सांगितलं. तिथे सांगितलं नाही.

खाली उतरणं सोपं नव्हतं. मी चौकीदाराला हाका मारल्या. तो आणि स्नानाला आलेला तो माणूस, दोघं आले. यांना उभं करायचा प्रयत्न केला, पण गुडघा सरळ होईना. शेवटी हे लहान मूल उतरतं तसे बसून एकेक पायरी खाली आले, एक पुढून, एक मागून धरून आणि मी सगळ्यांच्या मागे कॅमेरा सांभाळत. खाली आल्यावर त्या बाईने पिशवीतून थर्मास काढून आम्हाला चहा दिला. हे चहा घेऊन तिला दोनदा धन्यवाद म्हणाले. गाडी चालवणं त्यांना शक्य नव्हतं आणि मला येत नाही. फ्रीगंजमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याला फोन केला, तो येऊन आम्हाला घेऊन गेला. वाटेत तो विचारत राहिला, काय झालं, कसं झालं. 

नंतर काही आठवडे कॅमेरा कपाटात होता.  मग एक दिवस जेवताना त्यांनीच सांगितलं की डॉक्टरांची वेळ घेतलीय. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसरं पुढे बघू म्हणाले. ऑपरेशन ठीक झालं. पण ऑपरेशन म्हणजे नुसतं ऑपरेशन नसतं. सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घेणं, शेक, बाथरूमपर्यंत हात धरून नेणं, भेटायला येणाऱ्यांचा चहा-नाश्ता. घरातल्या घरात मी घाटापेक्षा जास्त चालले असेन. मुलगी पंधरा दिवस येऊन राहिली, ती गेल्यावर घर आणखी मोठं वाटलं.

ते आता काठी घेऊन कॉलनीत चक्कर मारून येतात. एका संध्याकाळी परत येऊन म्हणाले की एकदा धारचा किल्ला करून येऊ. तू खालीच बस, मी जमेल तेवढं बघतो.

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "मला नाही यायचं. खालीसुद्धा बसायला नाही. मला काही दिवस कुठेच जायचं नाही."

ते समोरच्या खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता रुसतील. पण त्यांनी विचारलं, मित्रांबरोबर गेलो तर चालेल का. मी म्हटलं, जा.

रविवारी बँकेतले दोन मित्र गाडी घेऊन आले. मी त्यांना पोहे करून दिले, यांच्या गोळ्या एका मित्राच्या खिशात ठेवल्या, दार लावलं आणि पंखा सुरू करून आडवी झाले. दुपारी स्वयंपाक केला नाही, दुधात पोळी कुस्करून खाल्ली. फोन आला, पोचलो म्हणाले, मागे मित्र मोठ्याने काहीतरी बोलत होते. मी बरं म्हटलं आणि पुन्हा झोपले.

अंधार पडायच्या आत ते परतले. बूटही न काढता त्यांनी मला फोटो दाखवले. सगळे किल्ल्याच्या दरवाज्याचे होते, वर ते गेले नव्हते. दोन-तीन फोटोंत विजेची तार आली होती, ती त्यांनी स्वतःच दाखवली. मग माझ्याकडे बघितलं. मी सकाळच्याच गाउनमध्ये होते, केसही विंचरले नव्हते.

"दिवसभर काय केलंस?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि बूट काढायला खाली वाकले.