सुधाकरने मोजलेली भिंत

त्या दिवशी सकाळी सुधाकरच्या बायकोचा, रेखावहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघालो होतो. "भाऊजी, हे उठूनच नाई राह्यले..." एवढंच त्या बोलल्या. पुलगावातल्या त्यांच्या घरी पोचलो तोवर सुधाकर गार पडला होता. त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

आम्ही एका बाकावर शिकलो. मी मास्तर झालो, तो जिप्सम बोर्डाच्या भिंती उभ्या करणारा मिस्त्री. घराचं काम काढणारे आधी त्याला बोलावत, कारण त्याचा अंदाज चुकत नसे. खोलीत एक चक्कर मारून किती माल लागेल ते सांगे, आणि शेवटी उरत ते हातभर तुकडे. वीस वर्षं तो बोर्डांचे सांधे घासत राहिला, तोंडाला रुमालही न बांधता. ती पांढरी धूळ छातीत बसली. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं तेव्हा चार पावलांतच त्याला धाप लागत होती.

घरात एकच मोठी खोली. हा सारखा खोकायचा, आणि मुलगी श्वेता बारावीला. खोलीच्या मधोमध भिंत घालायचं ठरवून एक दिवस त्याने मला बोलावलं आणि टेप हातात दिला. मी मापं सांगत गेलो, तो खाटेवरूनच हिशेब करू लागला. "लांबी दहा, उंची दहा. दोन्ही बाजू धरून दोनशे फूट. एक बोर्ड चोवीस फुटाचा... नऊ लागतात. कटाईसाठी एक जास्त लिही."

"दाराची जागा वजा करू?"

"नोको रे. तेवढं तुटफुटीत जाते. अन् मधात ग्लासवूल भरून घेजो. पोरीले आवाज नाई गेला पाह्यजे."

त्याच्याच हाताखाली शिकलेल्या दोघांनी भिंत उभी केली. माल बरोबर पुरला. "बाबा, खोका बरं!" म्हणत श्वेता पलीकडे गेली आणि तिने दार लावून घेतलं. तो खोकला. ती धावत आली, "काईच नाई आलं ऐकू!" कितीतरी महिन्यांनी तो हसला...

तो गेला त्या सकाळी खाटेखाली पाण्याचा तांब्या आडवा पडलेला होता. वहिनी भिंतीपलीकडे श्वेताजवळ झोपल्या होत्या. त्याने हाक मारली असेल का, कुणालाच ठाऊक नाही. "मले आवाजच नाई आला, भाऊजी," वहिनी दिवसभर हेच म्हणत होत्या. मापं तर मीच घेतली होती.

गेल्या रविवारी गेलो तर भिंतीला, त्याच्या उशीच्या उंचीवर, वीतभर आरपार भोक दिसलं. वहिनींनी भाजीच्या सुरीने ते कोरलं होतं, आतलं ग्लासवूल उपसून काढलं होतं.

"आता काऊन, वहिनी?"

"झोप नाई लागत," त्या म्हणाल्या.

पलीकडे त्याची खाट तशीच होती. अलीकडे, भोकाला डोकं लागेल असं, वहिनींचं अंथरूण.